गुळाचा त्याग

दुपारी गल्लीतल्या बायका नारळ घेऊन चंदनबालांच्या दर्शनाला आल्या, तेव्हा म्हातारी सोप्यात बसून मजेत शेंगा सोलत होती. "सल्लेखना घेतलीसा म्हणं?" बायकांनी विचारलं. म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायचं जैनांचं व्रत. शेंगा सोलणारीला ही बातमी नवीनच होती!

सून दीपालीनं मोबाईल उघडला, तर तीच बातमी नातेवाइकांत फिरत होती. ज्यानं ती पाठवली त्याला फोन, त्याला ज्यानं पाठवली त्याला फोन, असं करत ती मागं मागं गेली. खंडाळ्याच्या जयराजकाकांनी 'अन्नाचा त्याग' वाचून सल्लेखना लिहिलं होतं. 'अन्नाचा' हे मिरजेच्या मावशीनं घातलेलं, कारण तिच्याकडे नुसतंच 'त्याग केला' आलं होतं. आणि मुळात? मुळात दीपालीनंच हौसेनं लिहिलं होतं, 'सासूबाईंनी चातुर्मासात गुळाचा त्याग केला.' नवरा गुळाचा व्यापारी, आणि त्याच्याच आईनं गूळ सोडला, याचं तिला कोण कौतुक! प्रत्येकानं भक्तीनं चिमूटभर घातलं आणि पराचा कावळा झाला.

खुलासा लिहायला घेतला तोच नणंदेचा, ब्राह्मीचा फोन आला. तिनं आईच्या मनाविरुद्ध औंधच्या, जैन नसलेल्या फौजीशी लग्न केलं, तेव्हापासून मायलेकी बोलत नव्हत्या.

"वहिनी, आई हाय न्हवं? कराडपतोर आलीया मी."

खरं सांगितलं तर ही मागं फिरेल, हे दीपालीला कळत होतं. तरी खोटं बोलवेना. "ताई, आत्या ठणठणीत हायत. गूळ तेवढा सोडलाय."

पलीकडे एसटीच्या खडखडाटात ब्राह्मीनं विचारलं, "मग मागं फिरू? आईला इचार."

चंदनबालांनी शेंगांवरनं मान वर केली नाही. "दिवस बुडायच्या आत ये म्हणावं. दिवं लागल्यावर मी जेवत न्हाई, आन कुणासाठी थांबत बी न्हाई."

दीपालीनं वेळेवर ताट वाढलं. म्हातारी ताटापाशी बसून दाराकडे बघत राहिली. "आत्या, जेवून घ्या की," दीपाली दोनदा म्हणाली. "भूक न्हाई गं." ऊन भिंतीवरून उतरलं, अंगणातून गेलं, आणि दिवस बुडाला.

वाटेत एसटी बंद पडलेली. ब्राह्मी आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. तिनं ताटाकडे बघितलं. "आई, जेवली न्हाईस?"

"आज सोडलं," चंदनबाला म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुमच्यात रात्रीचं चालतंय न्हवं? बस. वाढते."

आणि लेकीच्या ताटात त्यांनी आपल्या हातानं गुळाचा खडा ठेवला.