सासूबाईंचा कप

सुनेने काट्यावर पुन्हा एकदा मैद्याचा कप रिकामा केला. एकशे तीस ग्रॅम. कालही एकशे तीस, परवाही एकशे तीस. काटा बिचारा ठेवलं तेवढंच सांगणार.

सासूबाईंच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. सहा आठवडे हात हलवायचा नाही, नाहीतर बोटं कायमची जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बेकरीतला केक बत्तीस वर्षं त्यांच्याच हातचा, आणि सगळा मैदा कान तुटलेल्या एका जुन्या कपाने मोजलेला. कागदावर अक्षर नाही. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "शनिवारपर्यंत तुझ्या त्या ग्रॅमांनी केक जमला तर ठीक. नाहीतर पट्टी सोडून मी भट्टीपुढे उभी राहते." बाई बोलली की करणारी. आणि आज शुक्रवार उजाडला होता.

तिसरा केकही कोरडाठाक निघाला. सासूबाईंनी तुकडा चावला, वर घोटभर पाणी प्याल्या.

"हा खायचा की भिंतीत बसवायचा?"

"आई, कप तुमचाच. लोणी, साखर, अंडी सगळं ताडून पाहिलं."

"मग मैद्यानेच तुझ्याशी दावा मांडलाय."

सुनेला हसूही येईना. पाय भरून आले होते. ती पिठाच्या पिंपाला टेकून खालीच बसली. "मला नाही जमत, आई. पण पट्टी सोडू नका. पाया पडते तुमच्या."

सासूबाईंचा आवाज उतरला. "ऊठ गं. आण तो कप. डावा हात देवाने धड ठेवलाय अजून."

सून कप बाहेरून मुठीत धरून पिंपात बुडवायची. सासूबाईंनी तो काठाला धरून खुपसला. धरायला कानच नाही, म्हणून चार बोटं बाहेर आणि अंगठा आत. वरून सुनेने सुरी फिरवली, तरी अंगठा आपला मैद्यात पुरलेलाच.

"आई, अंगठा!"

"काय झालं त्याला?"

"आत आहे तो!"

"मग कुठे ठेवू, खिशात?"

काट्यावर एकशे एकोणीस. पुन्हा भरला, पुन्हा एकशे एकोणीस. म्हणजे सुनेचा मैदा कपामागे अकरा ग्रॅम जास्त, केकच्या सहा कपांना सहासष्ट. केक कोरडा पडेल नाहीतर काय! सुनेने मैद्याच्या पिशवीवरच लिहिलं : सातशे चौदा ग्रॅम.

दुपारी चौथा केक निघाला. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा घेतला.

"इतकी वर्षं देवाने माझ्याकडून करून घेतलं," त्या अखेर म्हणाल्या, "आता तुझ्याकडून घेऊ दे. मी जरा पडते."

"भट्टी बघायला उठवू?"

"कशाला?"

आतल्या खोलीत त्या पाठ टेकताच झोपल्या. सुनेने दार हळूच लोटलं, दुखरी कंबर दाबली आणि उद्याचा मैदा तोलायला घेतला.