कच्च्या फाइली

माझ्या धाकट्या दिरांना एखाद्या वस्तूची पूर्ण किंमत मोजणं म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. चप्पल असो, कपाट असो, नाहीतर टीव्हीवरचे चॅनल, कुठे ना कुठे त्यांची ओळख निघते आणि वस्तू घरी येते. घरात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मीही म्हणायचे, कौतुकाने म्हणायचे, आणि हे आठवलं की आता माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमचे हे बसस्थानकावर निवेदक होते. कुठली गाडी कुठे लागली, कुठलीला उशीर आहे, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, हे सगळं गाव ह्यांच्या आवाजात ऐकायचं. दुकानात ह्यांनी नुसतं "साबण द्या" म्हटलं तरी माणसं मान वळवायची. ह्यांना ते आवडायचं, आवडत नसल्याचं नाटकही ते झकास करायचे. मग त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

हॉस्पिटलमध्ये बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, "ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मी वाक्यं देते, ती घरी वाचा. त्यावरून एक आवाज तयार करता येतो. पुढे तुम्ही टाइप कराल ते मोबाइल तुमच्याच आवाजात बोलेल. अगदी हुबेहूब नाही, पण तुमचाच." मी त्या बाईंचे हात धरले होते. एवढंच बजावलं होतं त्यांनी, की रोजचं रेकॉर्डिंग रोज संध्याकाळी पाठवायचं, जसं असेल तसं, कच्चं. खोकला आला असला तरी चालेल, साफसफाई आमच्याकडे होते.

ह्यांनी एकही फाइल पाठवली नाही.

"खोकल्यासकट पाठवू?" हे मला म्हणाले. "आयुष्यात कधी माइकवर खाकरलो नाही मी. कच्चा माल माझ्या नावाने बाहेर जाणार नाही."

"अहो, त्या बाई मागतायत ना? देऊन टाका."

"साफ करून देतो. सगळ्या एकदम देतो."

म्हणून आतल्या खोलीत दाराला गोधडी लटकवून हे वाचत बसायचे आणि मी पंखा, कुकर, नळ सगळं बंद करून बाहेर श्वास रोखून बसायचे. प्रत्येक फाइलला तिच्यातल्या वाक्याचंच नाव दिलेलं. ‘आज हवा छान आहे’. ‘उशी जरा वर कर’. ‘तू जेवलीस का’. घसा दुखत असायचा, मध्येच आवाज फाटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. एका परीने मी सुखात होते त्या दिवसांत. दाराआडून एवढं बोलणं माझ्या संसारात मी कधी ऐकलं नव्हतं.

फाइली ठेवण्यात मात्र शिस्त होती. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी शेजारच्या डिस्कवर. ती डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली, म्हणजे प्रत आपोआप उतरावी, विसरायची भानगड नको. "दोन ठिकाणी आहे," हे म्हणायचे, "निर्धास्त राहा." मी राहिले.

आवाज साफ करायचा प्रोग्रॅम विकत मिळतो. पण घरात उस्ताद असताना विकत कोण घेणार? दीर एका पेनड्राइव्हवर तो फुकट घेऊन आले. कोणीतरी कंपनीचं कुलूप तोडून इंटरनेटवर सोडलेला. तो चढवायला घेतला तर कॉम्प्युटरवरच्या रखवालदाराने, म्हणजे व्हायरस पकडणाऱ्या त्या प्रोग्रॅमने, एकच ओरडा सुरू केला. लाल चौकोन, धोक्याची खूण.

"ते असंच ओरडतं," दीर म्हणाले. "फुकट मिळालं की कंपन्यांच्या पोटात दुखतं. बंद कर रे दादा त्याला."

दादाने बंद केलं. मी कोमट पाण्याचा पेला घेऊन मागे उभी होते. रखवालदार झोपलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिला आणि म्हटलं, बरं झालं, शांत झालं.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी ह्यांनी सगळ्या फाइली साफ करायला लावल्या. काम बराच वेळ चालणार होतं. मी बॅग उचलली, गॅस बघितला, आणि दारातून हे म्हणाले, "कॉम्प्युटर बंद करू नकोस हं." ह्या घरात ह्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारलेलं शेवटचं वाक्य हे. माझ्यासाठी नव्हतं, कॉम्प्युटरसाठी होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले आणि पडद्यावर बघितलं. काळ्या पाटीवर इंग्रजी मजकूर, खाली उलटं चालणारं घड्याळ. तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर अमुक वेळात पैसे भरा, नाहीतर विसरा. मी ती पाटी बाजूला सारून फाइली बघितल्या. प्रत्येक नावाला कसलीशी अगम्य अक्षरांची शेपटी फुटलेली. ‘तू जेवलीस का’ उघडायला गेले तर उघडेना. डिस्कवर बघितलं. तिथेही शेपट्या. कायम जोडलेली होती ना, मग चोराला वेगळा दरवाजा फोडावाच लागला नाही. मी तिथेच जमिनीवर बसले.

पडद्याचा, शेपट्यांसकट, फोटो काढून मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाठवला. दुकान एक तरुण मुलगी चालवते. तोंडाने फटकळ, दिरांच्या भाषेत आगाऊ. तिचा लगेच फोन आला.

"काकू, आधी इंटरनेटची वायर काढा. डिस्क सोडवा. पैसे बिलकूल भरू नका. भरले तरी किल्ली देतील ह्याची खात्री नाही, आणि देणारं गिऱ्हाईक म्हणून नाव मात्र लागतं. आणि नीट ऐका, काहीही पुसू नका."

"पण व्हायरस काढायला नको का?"

"तो मी काढेन, ते सोपं आहे. पण व्हायरस काढला म्हणून कुलूप उघडत नाही. चोर हाकलला तरी किल्ली त्याच्याच खिशात असते. आज ह्या कुलपाची किल्ली कोणाकडे नाही. पुढे एखादी टोळी पकडली जाते, किल्ल्या बाहेर येतात. तेव्हा ज्यांनी कुलूप लागलेल्या फाइली जपून ठेवल्यात त्यांना त्या परत मिळतात. दोन्ही वस्तू माझ्याकडे आणून टाका."

मी वायर काढली, डिस्क काढली आणि दिरांना बोलावलं. मुलगी काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. हॉस्पिटलमध्ये भेटायची वेळ झाली होती. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही दादाकडे जा. मी नेऊन देतो."

मी गेले. ह्यांच्या गळ्याला पट्ट्या, नळ्या. मला बघून ह्यांनी लिहायची पाटी ओढून घेतली आणि त्यावर लिहिलं, ‘साफ झाल्या?’

"होतायत," मी म्हटलं. आणि उशी जरा वर केली, न सांगता.

दोन दिवसांनी दीर कॉम्प्युटर घेऊन घरी हजर. पुसून लख्ख केलेला. "घ्या वहिनी. त्या पोरीची गरजच पडली नाही. समूळ उपटला व्हायरस. सगळं पुसून नव्याने भरलं. डिस्कही धुऊन काढली."

"आणि फाइली?"

"त्या गेल्याच होत्या हो. कुलूप लागलेलं भंगार ठेवून काय करायचं?"

"भाऊजी, ती म्हणाली होती, पुसू नका. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"ती म्हणणारच. तिचं दुकान आहे." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, वायर जोडत होते. मी तेव्हाच ओळखलं. दुकानात नेलं असतं तर मुलीने पहिला प्रश्न विचारला असता, ह्यात शेवटचं काय चढवलं आणि ते आणलं कोणी? एका पोरीसमोर उस्तादांची शोभा झाली असती. ती टाळायला त्यांनी भावाचा आवाज पुसला. सिद्ध करता येणार नाही मला हे. मला सिद्ध करायचंही नाही, मला माहीत आहे.

हे घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, ‘कच्च्याच पाठवायला हव्या होत्या.’ मी वाचल्याची खात्री झाल्यावर ते पुसलं आणि लिहिलं, ‘त्याला काही बोलू नकोस.’

मी मूग गिळून बसले. दीर रोज यायचे. ह्यांना तपासणीला न्यायचे, गळ्याची नळी साफ करायला शिकले, माझी पाठ धरली तेव्हा भांडीसुद्धा घासली. वाईट माणूस असता तर मला बरं पडलं असतं.

त्या बाईंनी हळहळत मोबाइलवर एक तयार आवाज घालून दिला. बरेच होते, ह्यांनी ऐकून एक निवडला. कोणा गुळगुळीत गृहस्थाचा, कशाचं कधी काही न वाटणारा. हे एका बोटाने टाइप करतात, वेळ लागतो, मग तो गृहस्थ बोलतो. सकाळी स्वयंपाकघरात तो मला "मीठ कमी आहे" असं सांगतो तेव्हा परक्या माणसाने आमच्या ताटात हात घातल्यासारखं वाटतं.

मी मात्र आता भलतीच शहाणी झाले आहे. प्रत घेतली की डिस्क सोडवून कपाटात ठेवते. कॉम्प्युटर अपडेट मागतो तेव्हा लगेच करते. रखवालदार शिंकला तरी उठून बघते. अनोळखी मेलमधलं जोडपत्र उघडत नाही, फुकटचं काही चढवू देत नाही. जपण्यासारखं आमच्याकडे काही उरलेलं नाही, आणि ते आम्ही नीट जपून दोन ठिकाणी ठेवतो.

परवा दुकानातल्या मुलीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "काकू, ती टोळी पकडली! किल्ल्या सापडल्या, फुकट वाटतायत. तुमच्या फोटोतली शेपटी मी ताडून बघितली, तीच आहे. कालच एकाचे लग्नाचे सगळे फोटो उघडून दिले. घेऊन या तुमच्या फाइली."

"नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत म्हणजे? मी सांगितलं होतं ना, पुसू नका म्हणून?"

"सांगितलं होतंस."

 मी फोन ठेवला.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे भाजी निवडत होते. हातातली काडी तशीच राहिली. मग मोबाइल ओढला, बोट चालू लागलं, आणि तो गृहस्थ म्हणाला, "त्याला हे सांगू नकोस. त्याला सहन होणार नाही."

ह्यांच्या आवाजात ह्यांनी हे सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. लग्न झाल्यापासून ऐकतच आले. तो आवाज खाली यायचा, जरा घोगरा व्हायचा, आणि माझा राग जागच्या जागी विरायचा. किती भांडणं त्या एका आवाजाने जिंकली ह्यांनी. आता सांगणारा कोण, तर हा. हा माझा कोण लागतो?

संध्याकाळी दीर आले. मी चहा ठेवला. ते ह्यांच्याशी आपल्या ऑफिसमधलं काहीबाही बोलत होते. तिथेही कोणाच्या तरी कॉम्प्युटरला असंच कुलूप लागलं म्हणे. "नशीब, आपण वेळीच पुसून टाकलं," दीर म्हणाले. "नाहीतर दादाच्या मोबाइलमध्येही शिरला असता तो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली आणि सांगून टाकलं. टोळीचं, किल्ल्यांचं, उघडलेल्या लग्नाच्या फोटोंचं, सगळं. "तुम्ही नुसते हात बांधून बसला असतात ना भाऊजी, तर आज तुमचा दादा तुमच्याशी बोलला असता," असंही म्हटलं. एकदम थंडपणे. इतके महिने असंच काहीतरी तोंडात घोळवत होते, त्यामुळे कुठे अडखळले नाही.

दिरांचा चेहरा उतरत गेला तो मी पूर्ण बघितला. "मला काय माहीत वहिनी," एवढंच ते म्हणाले. ह्यांच्याकडे वळले, भाऊ काहीतरी बोलेल म्हणून थांबले. ह्यांचं बोट पडद्यावर धावत होतं, चुकत होतं, खोडत होतं. हे नेहमी मान खाली घालून टाइप करतात, त्यामुळे राग आलाय की रडू, समोरच्याला कळत नाही. दिरांना ती खाली घातलेली मानच दिसली. त्यांनी कप ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू आली, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

मग मोबाइल बोलला. "थांब रे. जाऊ नकोस. तुझ्यावर राग नाही माझा."

आमच्या ह्यांनी धाकट्या भावाला जन्मभर लावलेला तो ‘रे’ त्या गृहस्थाच्या तोंडी निर्जीव पडला. ऐकायला खोलीत मी एकटीच होते.