पुरातल्या गाडीचा ईसीयू

"बसवला का?" भंगारवाल्याने माझ्या गॅरेजात शिरता शिरता विचारलं. अक्काच्या गाडीतून काढलेला बिघडलेला ईसीयू न्यायला तो आला होता.

"बसवला. अक्का गाडी घेऊन गेलीसुद्धा. झाला पाऊण तास."

मी हात धूत होतो आणि जरा ऐटीतच बोललो. ईसीयू म्हणजे गाडीचं डोकं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तो ठरवतो. नवा हवा तर महिनाभर वाट बघत बसा. म्हणून मी याच्याकडून वापरलेला आणला, झाकण उघडलं आणि जुन्यातली मेमरीची चिप काढून त्यात बसवली, म्हणजे अक्काची किल्ली तो ओळखेल. हे येरागबाळ्याचं काम नाही.

"नीट चालतोय ना?" भंगारवाला मान खाजवत म्हणाला. "नाही, हा ईसीयू ज्या गाडीतला, त्याच गाडीचा फ्यूजबॉक्स एकाने नेला होता. गंजलाय म्हणून आज परत आणून आपटला. पुराच्या पाण्यात होती ना ती गाडी. पण फक्त अर्धा दिवस हं!"

अर्धा दिवस म्हणे! जसे काही कपडे भिजत घातले होते.

"मेल्या, अपघाताची गाडी म्हणालास ना?" मी त्याची कॉलर धरली. खरं तर माझीच धरायला हवी होती. काल झाकण उघडलं तेव्हा कोपऱ्यात हिरवट गंज मला दिसला होता. ब्रशने पुसला, झाकण लावलं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बघितलं आणि अक्काला ठोकून दिलं, "घोड्यासारखी पळेल बघ." सकाळी गाडी देतो असा शब्द दिला होता ना! तो मोडला असता तर माझं नाक कापलं गेलं असतं.

गंजलेला ईसीयू थंड असेपर्यंत गुण दाखवत नाही. तापला की दाखवतो. पाऊण तासात तो चांगला तापणार होता, आणि पाऊण तासावर घाटाचा उतार होता.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. शेजारच्या सीटवर भावोजी. त्यांच्या हाताचं प्लास्टर काढायला दोघं घाटाखालच्या इस्पितळात निघाली होती. मी अक्काला फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना फोन घेतलास तर तुझ्या गाडीला हात लावणार नाही, असं तिला बजावणारा शहाणा मीच.

मग दुसरं आठवलं. जुना ईसीयू रुसला की गाडी मध्येच बंद पडायची. त्यावर मी तिला उपाय शिकवला होता: किल्ली काढ, दहापर्यंत मोज, परत लाव. उभ्या गाडीत ठीक आहे. पण उतारावर किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होणार, आणि वळण आलं तरी गाडी सरळच जाणार.

भावोजींनी मात्र फोन उचलला. "बोला मेहुणे! गाडी काय झकास..."

"अक्काला गाडी बाजूला घ्यायला सांगा. आत्ताच्या आत्ता!"

"बाजू आहे कुठे? इकडे डोंगर, तिकडे दरी." ते हसले. मग त्यांचा सूर बदलला. "अगं, इंजिन का बंद झालं?"

मागून अक्का बोलली, अगदी निवांत. "घाबरू नका हो. याचं औषध मला ठाऊक आहे."

"किल्ली काढू देऊ नका!" मी किंचाळलो. "हात धरा तिचा! ब्रेक एकदाच दाबायचा आणि दाबूनच धरायचा, सोडला तर पुन्हा नीट लागणार नाही!"

फोन कुठेतरी आपटला. काहीतरी खरवडल्याचा लांबलचक आवाज आला. मग काहीच नाही. "अक्का! अगं अक्का!" मी ओरडत होतो, रडत होतो. भंगारवाला भिंतीला टेकून उभा होता.

"अरे हो, ओरडू नकोस." अक्काचाच आवाज. तिला धाप लागली होती. "चाक डोंगराकडच्या गटारात गेलंय. आम्ही धड आहोत. यांनी प्लास्टरच्या हाताने माझं मनगट दाबून धरलं होतं रे. मी किल्ली काढतच होते."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

"तुझा फोन आला म्हणून वाचलो बाबा," ती म्हणाली, आणि आता तिलाही रडू फुटलं. मागून भावोजी म्हणत होते, "आमचा मेहुणा म्हणजे सोनं आहे." अक्काने नाक ओढलं. "पण तुला इथे बसून कसं रे कळलं, बंद पडणार म्हणून?"

भंगारवाला माझ्याकडे बघत होता. त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. तो समोरच उभा होता.

"अक्का, मला आतला गंज दिसला होता."

"कधी? आत्ता?"

"काल. तुला गाडी द्यायच्या आधी."

तिने खटकन किल्ली काढली, मला ऐकू आलं. मग भावोजींना म्हणाली, "उतरा हो. आपण बसने जाऊ," आणि फोन बंद झाला.