अंड्याविना पट्टी

आमचे हे, म्हणजे मुकुंदराव, तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सिमेंट मूठभर कमी पडलं तरी कंत्राटदाराला उभा-आडवा झापायचे. ही अक्कल पुलांपुरती होती, बायकोसाठी नव्हे.

रायापूरच्या शाळेत मी गणित शिकवते. तिथून मळमड्डीला घरी येताना वाळूवरून स्कूटर घसरली आणि माझं उजवं मनगट मोडलं. दुखण्यापेक्षा मोठी भीती एकच. याच हातानं ॲक्सिलरेटर फिरवायचा. हा हात गेला की जन्मभर यांच्या मागे बसायचं, यांच्या सवडीनं. अगं बाई, नकोच ते!

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर.

"सहा आठवडे?" हे दचकले. "मग आंघोळ कशी करणार ही? सोवळ्यातला स्वयंपाक कोण करणार?"

हाड माझं मोडलेलं, अडचण यांच्या नैवेद्याची! अळणावरकडे हाडं बसवणारा विठ्ठल आहे, त्याची पट्टी लवकर सुटते, असं यांना कुणीतरी सांगितलेलं. आणि मी, पन्नास पोरांना धाकात ठेवणारी बाई, मुकाट्यानं बसमध्ये चढले. त्याची आजही लाज वाटते.

विठ्ठलनं हाड चाचपून बसवलं, बांबूच्या कामट्या काढल्या, उडदाचं पीठ घेतलं आणि अंडं उचललं. हे ताडकन उठले. "अंडं? आमच्या अंगाला?"

"तत्ती इल्लद बिगी आगंगिल्ल, सायबरे." अंड्याशिवाय पट्टी घट्ट बसत नाही, असं तो बिचारा कानडीत सांगत होता.

"पाण्यात कालव," यांनी हुकूम सोडला.

तिसऱ्या दिवशी पट्टीला इडलीच्या पिठाचा वास सुटला, कामट्या हलू लागल्या. "बसतेय हळूहळू," हे म्हणत राहिले. पाच आठवड्यांनी पट्टी सोडली तर मनगट वाकडं, मूठ वळेना. मी ढसाढसा रडले.

हुबळीत स्मृती हाडांची डॉक्टर आहे, माझीच विद्यार्थिनी. एक्स-रे बघून म्हणाली, "टीचर, वाकडं जुळलंय. पुन्हा मोडून प्लेट घालावी लागेल."

"ऐकलंत? सिमेंट कमी पडलं," मी यांना म्हटलं.

ऑपरेशन झालं आणि शेवटी प्लास्टर आलंच. स्मृती म्हणाली, "हात थोडा कमी वळेल, पण व्यायाम केलात तर स्कूटर नक्की चालवाल. खाण्यात डाळी, दूध, आणि चालत असेल तर अंडं."

"चालतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात शेगडीवर अंडं उकडलं. एका हातानं सोलता येईना. हे सोवळं नेसून पूजेला निघाले होते. बशी यांच्यापुढे सरकवली. "सोला."

"मग मला परत आंघोळ करावी लागेल," हे पुटपुटले.

"करा की! तुमचे दोन्ही हात धड आहेत."