हरणांच्या दिवशी पेटलेलं पिंप

मित्रांनो, युनियनच्या हॉलमागे जा, म्हणजे कचऱ्याच्या डब्यांशेजारी तुम्हाला एक तांबेरलेलं, भोकाभोकांचं पिंप दिसेल. तोच मी. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मिशिगनमधलं आमचं बीव्हर फोर्क गाव एका सकाळी माझ्या धुरावर तगलं होतं. ती सकाळ आठवली की माझा गंजलेला पत्राही तापतो.

माझा जन्म शेजारच्या ओहायोतला. निळा रंग चढवून आणि पोटात तेल भरून मला इथल्या मोटारींच्या कारखान्यात धाडलं. प्रेस शॉपमध्ये माझी जागा वांडा पावलाकच्या प्रेसशेजारी होती. प्रेस म्हणजे घराएवढं यंत्र. त्यात पोलादी साचे बसवायचे, वरून दणका बसला की सपाट पत्र्याचा दरवाजा होऊन बाहेर पडायचा. त्या साच्यांना कामगार डाय म्हणत. तिथे जमीन दिवसभर थरथरायची आणि माझ्या पोटातलं तेल डुचमळायचं. काय मजेचे दिवस होते ते! वांडा माझ्या झाकणावर कॉफीचा मग ठेवायची आणि जाता जाता मला एक थाप मारायची.

तेल संपलं तसा माझा मान संपला. कुणी माझ्यात तेलकट चिंध्या टाकल्या, कुणी खरकटं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? मी कोपऱ्यात पडून राहिलो.

मग एका शरद ऋतूत बातमी आली. नवा पिकअप ट्रक इथे बनणार नाही, त्याचे दरवाजे आणि मडगार्ड मेक्सिकोत ठोकले जाणार. एका रात्रीत गावाच्या तोंडचं पाणी पळालं. इथे बाप प्रेसवर, मुलगा रंगखात्यात आणि सून कॅन्टीनमध्ये, अशी घरंच्या घरं होती. युनियनने संप पुकारला. मागणी एकच, नवा पिकअप इथेच बनेल असं करारात लिहून द्या.

वेल्डरने माझ्या अंगाला भोकं पाडली, दोघांनी मला उचलून फाटकाबाहेर मांडलं आणि माझ्यात लाकडं पेटवली. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी उगाच जन्मलो नव्हतो. लोक फलक घेऊन माझ्याभोवती उभे राहायचे. रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवायची. बेकरीवाला डोनट आणायचा आणि हरणाच्या मटणाची चिली, तिकडचा तिखट रस्सा, पातेल्यात रटरटायची. वांडाचा नवरा कॅझ याने स्वतःच्या हाताने एक लाकडी खुर्ची बनवून माझ्याजवळ ठेवली होती. तीत तो दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही.

एक तरुण एकदा मेक्सिकोवाल्यांना शिव्या देऊ लागला. वांडाने त्याला तिथेच थांबवलं. "तिथल्या बाईशी माझं काय भांडण? तिलाही पोरं असतील. माझं भांडण आपले डाय मेक्सिकोला हलवू पाहणाऱ्या साहेबांशी आहे."

खरी मेख तीच होती. डाय आत होते तोवर मालकांना बोलणी करणं भाग होतं. डाय एकदा बाहेर गेले की संप कशाचा करायचा? म्हणून ते नेणारे ट्रेलर आत येऊ द्यायचे नव्हते. ट्रेलरचे ड्रायव्हरही युनियनचे, आणि त्यांचा रिवाज कडक. फाटकावर माणूस उभा आहे आणि पिंपातून धूर निघतोय, तर ती लाइन, म्हणजे संपकऱ्यांची पहाऱ्याची रांग, चालू. चालू लाइन ते ओलांडत नाहीत. पिंप गार असेल तर मात्र लाइन मेली असं समजून ते सरळ आत जातात. म्हणून माझ्यापाशी आळीपाळीने कुणी ना कुणी असायचंच.

पण मग हरणांचा दिवस आला. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडतो, तो दिवस मिशिगनमध्ये सणाहून मोठा. शाळांना सुट्टी आणि नवरदेवही लग्नाची तारीख पुढे ढकलतो. सगळ्यांनी ठरवून टाकलं की आज साहेबसुद्धा जंगलात असणार. साहेब परगावचे आहेत आणि त्यांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उजाडायच्या आत नारिंगी जाकिटं घालून अख्खा संप जंगलात पसार झाला.

राहिली एकटी वांडा. कॅझ तिला कधीच शिकारीला नेत नसे.

"तू जंगलात शिंकतेस," तो गाडीत बसता बसता म्हणाला. "तुझी एक शिंक, की हरणं थेट कॅनडात."

"बरं, बरं. लाकडं टाकलीस का?"

"टाकली, टाकली," म्हणत तो गेलासुद्धा.

लाकडं त्याच्या गाडीतच राहिली होती, तंबूखाली. माझ्या पोटात दोन ओंडके धुमसत होते आणि वरून बर्फ भुरभुरत होतं. मी विझायला आलो होतो. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर ट्रेलरांची रांग दिसली.

आतल्या पहारेकऱ्याने फाटक सताड उघडलं. त्याला हुकूम होता, पण चेहरा ओशाळला होता. "वांडा, घरी जा. एकट्या बाईची कुठे लाइन असते?"

"माझ्या घरात भांडणसुद्धा मी एकटीच करते," वांडा म्हणाली. "लाइन काय चीज आहे?"

तिने आधी भिंतीला टेकवलेले फलक उचलले, गुडघ्यावर त्यांचे दांडे मोडले आणि माझ्यात घातले. ते ओले होते, नुसते चुरचुरले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पिंपाला कुठली वाचा! ट्रेलर जवळ आले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर कॅझच्या खुर्चीवर गेली. ताडपत्रीखाली कोरडी ठणठणीत, तिला वॉर्निशचा हात दिलेला. वांडाने ती उचलून फाटकाच्या खांबावर आपटली. एकदा, पुन्हा एकदा. पाय निखळले, पाठ फुटली आणि सगळं माझ्या पोटात आलं. वॉर्निशने पेट घेतला. भडका उडाला आणि काळा धूर वर चढला. मित्रांनो, असा मी आयुष्यात पेटलो नव्हतो!

पहिला ट्रेलर फाटकासमोर येऊन थांबला. दांडग्या अंगाचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याचं नाव लिरॉय.

"बाई, आम्हाला सांगितलं, इथली लाइन उठली."

"कुणी सांगितलं? तुला धूर दिसत नाही?"

"दिसतोय. पण माणसं कुठायत?"

"मी कोण आहे, म्हैस?"

लिरॉय हसला नाही. त्याने हातमोजे काढले आणि माझ्यावर हात शेकत तो उभा राहिला. मागचा ट्रेलर हॉर्न मारत होता.

"माझ्या बापाने जन्मात पेटलेलं पिंप ओलांडलं नाही," तो शेवटी म्हणाला. "मी ओलांडलं तर तो कबरीतून उठून मला फोकलून काढील." मग मागे वळून त्याने आवाज दिला, "लाइन चालू आहे रे! वळवा गाड्या."

त्या अरुंद रस्त्यावर ते लांबलचक ट्रेलर वळवताना जी धांदल उडाली! चाकं चिखलात रुतली. निघताना प्रत्येकाने वांडाला हॉर्न दिला, आणि तो गजर जंगलापर्यंत गेला. कॅझ आणि मंडळी बंदुका टाकून धावत आली. त्यांना वाटलं, संप मिटला. खरं कळल्यावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"माझी खुर्ची कुठाय?" कॅझने विचारलं.

वांडाने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याने खाल्ली. तुझी लाकडं शिकारीला गेली होती ना!"

नाताळाआधी करार झाला आणि पिकअप इथेच राहिला. सगळंच वाचलं असं मात्र नाही. लहान गाडीचे डाय पुढच्या वर्षी गेले, प्रेस शॉपचा अर्धा भाग अंधारात गेला आणि कितीतरी घरांनी गाव सोडलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण अर्धा भाग आजही थरथरतो. त्याच्यावर शाळा चालते आणि बेकरीही.

मला मात्र सगळे विसरले. हॉलमागे मी गंजत पडलो आणि माझा तळ गळून गेला. यंदा करार पुन्हा संपतोय आणि मेक्सिकोची कुजबुज पुन्हा सुरू झाली आहे. परवा म्हातारा कॅझ वेल्डिंगचं सामान घेऊन आला. त्याने मला नवा तळ बसवला आणि एक थाप मारली, अगदी वांडासारखी.

मित्रांनो, थंडी वाजली की मगच पिंपाची आठवण काढू नका. ज्याच्या जिवावर तुमची चूल पेटते, त्याला सुखाच्या दिवसांतही सांभाळा. आणि सगळा गाव मजा करायला निघाला, तरी एकाने मागे राहावं.

आमच्याकडे तो एक ठरलेला आहे. संप असो वा नसो, त्या वर्षापासून दर हरणांच्या दिवशी कॅझ फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो, पायाशी कोरडी लाकडं घेऊन. आणि त्याची बंदूक खांद्यावर टाकून जंगलात जाते ती वांडा. ती अजूनही शिंकते. पण रिकाम्या हाताने ती एकदाही परतलेली नाही.