लाथ कुणी मारली?

मी साग्यनबेकच्या उजव्या पायाची शीर बोलतेय. टाचेला पोटरीशी बांधून ठेवणारी. चोपन्न वर्षं राबले, पण मालकाने कधी ढुंकून पाहिलं नाही. घोड्याचे पाय रोज चोळायचा, मला मात्र अंघोळीतही हात लावायचा नाही.

नातू पाऊल टाकू लागला. आमच्या नारीन भागात तेव्हा बाळाच्या पायांना दोरा बांधतात आणि शर्यत जिंकेल तो दोरा कापतो. मुलीच्या सासरी या वेळी धावायचा मान दोन्ही आजोबांना मिळाला. एक माझा मालक, दुसरा त्याचा व्याही तुर्दूबाय.

"व्याही, हाडं वेचायला टोपली आणू का?" मालकाने डिवचलं.

"आणा, तुमचीच भरेल!"

मालक भरल्यापोटी, नवे बूट घालून सुसाट सुटला. अर्ध्या वाटेत मी फटदिशी तुटले.

पडल्या पडल्या तो मागे वळून ओरडला, "तुर्दूबाय, लाथ मारलीस मला!" व्याही तर शर्यत सोडून त्याला उचलायला वाकला होता. ते ऐकून व्याह्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही!" म्हणत मालक तसाच निघायला धडपडू लागला.

"आधी उभं तर राहा," बायको अनारा म्हणाली. मुलगी बाळाला कवटाळून रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुटले मी, आळ त्या भल्या माणसावर, आणि मला तोंड नाही!

नारीनच्या दवाखान्यात डॉक्टर जिबेकबाईंनी त्याला पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल हललंच नाही.

"शीर तुटलीय."

"व्याह्याने लाथ मारली!"

"कुणी मारत नाही हो. ही शीर तुटली की मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं. गेल्या महिन्यात एकाने बायकोवर आळ घेतला. ती बिचारी माहेरी होती!"

मला वाटलं, आता पाय उभा चिरणार. पण बाईंनी तांदळाच्या दाण्याएवढी पाच-सहा छिद्रं पाडली, लांब सुईने दोरे आत सोडले आणि माझी विस्कटलेली टोकं जुळवून गाठ मारली. कमरेखाली बधिर झालेला मालक जागाच होता. चोपन्न वर्षांत प्रथमच तो मान वळवून मला शोधत होता.

दोन महिन्यांनी, पायात दवाखान्याचा जाडजूड बूट आणि हातात काठी घेऊन तो व्याह्याच्या दारात उभा राहिला. तुर्दूबायने बुटाकडे पाहिलं.

"कुणी मारली लाथ?"

मालकाची मान खाली गेली. "म्हातारपणानं."

"ते माझ्याही मागे लागलंय. या आत."

व्याह्याच्या खांद्यावर हात टाकून मालकाने उंबरा ओलांडला, तेव्हा तुटल्यापासून मी पहिल्यांदा त्याचं वजन पेललं. कळ आली हो, पण मी कुरकुरले नाही. तुम्हीही त्याला सांगू नका.