छावणीच्या हद्दीतलं घर

कुठलाही नकाशा हाती आला की आधी त्यात स्वतःचं घर शोधायची आमच्या ह्यांची खोड. सगळा जन्म जमिनी मोजण्यात गेला, दुसरं काय होणार! त्यामुळे एका संग्राहकानं १८१८च्या लढाईतल्या, नाशिकजवळच्या इंग्रजी छावणीचा फाटका नकाशा कापडावर चिकटवायला म्हणून आमच्याकडे पाठवला, तेव्हा खळ शिजायच्या आधीच ह्यांनी नासर्डी नदीचं वळण धरून, पट्टी लावून आमच्या घराची जागा काढली आणि तिथं पेन्सिलीनं इवलासा चौकोन केला. तो पडला नेमका छावणीच्या हद्दीत. शेजारीच पहाऱ्याची खूण होती, लाल टिंब.

"दोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशात घर बांधलंत? धन्य आहे तुमची!" मी म्हटलं.

"कडेकोट पहाऱ्यात ठेवलंय तुला," हे म्हणाले आणि असे काही हसले की या वयात मी लाजले.

वर्षभरात ह्यांचं विसरणं फार वाढलं होतं. एकटं लांब पाठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच्या यशोदाबाईंकडे भाजीला तेवढं जाऊ द्यायची आणि परत येईस्तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. त्या नकाशानंतर चार दिवसांनी हे कोथिंबिरीची जुडी घेऊन आले ते फाटकाबाहेरच थांबले. कितीही हाका मारल्या तरी आत येईनात.

"पहारेकरी परवलीचा शब्द विचारतोय गं. बाहेरच्याचा शब्द आतल्यानं सांगायचा असतो."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "कोथिंबीर!" मी वैतागून ओरडले, आणि हे लगेच आत आले.

मग ते रोजचंच होऊन बसलं. कधी मेथी, कधी आलं. जे आणायला पाठवलं तेच मी आतून ओरडायची आणि हे आत यायचे. शेजारीपाजारी हसायचे. हसू देत मेले, माझा माणूस घरी येतोय ना! तरी एकदा मी म्हटलंच, "नकाशातलं ते घर पुसून टाका बघू."

"पुसलं तर राहायचं कुठं, वेडे?"

काल संध्याकाळी हे रिकाम्या हातानंच परतले. मी सगळ्या भाज्यांची नावं घेतली, पण ह्यांचं पाऊल उचलेना. चेहरा अगदी रडवेला झाला होता.

"आज माझं नाव विचारतोय. मला आठवत नाही गं."

उखाण्याबाहेर मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं, आणि ह्यांनीही उभ्या संसारात 'अगं'शिवाय मला हाक मारलेली नाही. पण माणसापुढे रीत कसली? मी जीव खाऊन ओरडले, "यादव! यादव आहे त्यांचं नाव!"

हे लहान मुलासारखे धावत आत आले. एक चप्पल मात्र रस्त्यातच राहिली. मी डोळे पुसत, हसत बाहेर गेले, चप्पल उचलली आणि वळले, तर छातीला काहीतरी गार, आडवं लागलं. समोर फाटक सताड उघडं होतं. मी पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा तेच.

हे आतून बघत होते.

"अगं, आता तुझं विचारतोय."

मी स्वतःच सांगायला गेले, पण घशातून आवाजच फुटेना. फाटकाच्या आत उभे राहून हे माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. लग्नाच्या दिवशीही इतक्या मायेनं पाहिलं नसेल.

"थांब हं," हे म्हणाले. "सांगतो."